संत्र्याला दिलेला ताण

आमच्या अमरावतीच्या घरामागचं संत्र्याचं झाड चांगलं डेरेदार झालं, पण एक फळ देईल तर शपथ! नुसता हिरवागार पाला. मी त्याला रोज पाइपनं पाणी पाजायची आणि वर प्रार्थनाही करायची, "प्रभू, आता तरी फळ दे रे बाबा." यजमान रिटायर झाले, त्यांनी गाडी घेतली आणि झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "गाडीले शेड पायजे. यंदा फुललं तं ठीक, नाई तं तोडून टाकू."

माझं डोकंच फिरलं. त्याच रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलमधला वांझ अंजिराचा दाखला सांगितला. मालक म्हणतो तोडा, माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या. मी यजमानांना कोपरानं ढोसलं. ते पंख्याकडे पाहत बसले.

नाताळाला सासूबाई दिरांकडून आमच्याकडे राहायला आल्या. त्या परतवाड्याकडच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. मला पाणी घालताना पाहून कडाडल्या, "अवं, लाड करून करून बिघडवलं तू याले! रोज पाणी भेटते, मंग ते कायले फुलते? ताण दे." ताण म्हणजे बहराआधी पाणी तोडायचं. पानं मलूल होऊन पिवळी पडेपर्यंत झाड कोरडं ठेवायचं, मग खत घालून पोटभर पाणी.

मी पाइप गुंडाळून ठेवला. पण काय सांगू, जिवाचं पाणी पाणी व्हायचं! पानं माना टाकायला लागली. लेक लग्न होऊन अकोल्याला गेल्यापासून मीही तशीच सुकले होते. प्रार्थनेला बसलं तरी शब्द फुटत नव्हते. एकदा झाडाशेजारी उभी राहून म्हणाले, "प्रभू, मलेबी ताण देऊन राहिला का तू?" आणि माझं मलाच हसू आलं.

एका सकाळी कढीपत्ता तोडायला मागे गेले, तर झाडाच्या बुडाशी यजमान! हातात तांब्या.

"अहो, काय करून राहिले?"

दचकून त्यांनी तांब्या पाठीमागे लपवला. "त्याचा जीव तळमळते व. पाहवत नाई मले."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "मेल्या, सारा ताण मोडला ना तू!" साठीचा माणूस खाली मान घालून उभा. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

ताण आणखी लांबवावा लागला. सासूबाई सकाळचा चहा मागच्या दारातच बसून घेऊ लागल्या, पहारा म्हणून. मग खत घातलं, पाणी सोडलं, आणि एके दिवशी दार उघडते तर बाप्पा! झाड पांढरंशुभ्र. स्वयंपाकघरापर्यंत नुसता घमघमाट. मी तिथूनच ओरडले, "हालेलुया!" शेजारी गोळा झाले.

दिवाळीनंतर चर्चमध्ये कापणीचा सण झाला, पहिलं पीक देवाला वाहायचा. संत्र्यांची टोपली यजमानांनीच उचलली, मला हातही लावू दिला नाही. गाडी आजही रस्त्यावर कडुलिंबाखाली असते, कावळे तिची वाट लावतात, आणि शेडचं नाव कुणी काढत नाही.

इतकी वर्षं मी देवाला त्या अंजिराच्या दाखल्यातला मालक समजून भ्यायचे. आता प्रार्थनेला डोळे मिटले की पाठीमागे तांब्या लपवून उभा असलेला म्हातारा दिसतो, आणि मग किती बोलू नि किती नको असं होतं.