शेबेककाकांच्या शेडमधली अडीच पावलं

कचऱ्याच्या पेटीशेजारून शेबेककाका सरळ कधी जात नाहीत. झाकण उचलतात, आत डोकावतात, आणि कोणी बघत असेल तर टोपी काढून त्याला नमस्कार करतात. बिअर पिता पिता खिळे सरळ करतात. वाकडे डाव्या खिशात, सरळ झालेले उजव्या. संध्याकाळपर्यंत त्यांची पँट उजवीकडे कललेली असते. गवत कापण्याआधी पोटावर आडवे होतात आणि एक डोळा मिटून हिरवळीकडे बघतात, रंधा मारलेल्या फळीकडे सुतार बघतो तसे. "मोडलं" असं कधी म्हणत नाहीत, "रुसलंय" म्हणतात. यंत्र उघडण्याआधी हात स्वच्छ धुतात. उघडून झाल्यावर मात्र विसरतात. त्यामुळे त्यांच्या घरात साखरेच्या डब्यावर, पडद्यावर, चष्म्याच्या काचेवर, सगळीकडे एकच काळा अंगठा उमटलेला.

हे सगळं वेंदुलाला एका वसंतात कळलं. साहित्याची पदवी घेऊन ती प्रागहून मावशीच्या लाकडी बंगलीत राहायला आली होती. सासावा नदीकाठी अशा चाळीस बंगल्यांची वसाहत आहे. तिला नोकरीसाठी अर्ज लिहायचे होते आणि त्यासाठी शांतता हवी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून एक डोकं वर आलं.

"पोरी, तुझ्या पन्हळीतून थेंब कसे पडतात ऐकलंस? तीन खाली पडतात, चौथा येतच नाही. तो भिंतीत जातोय."

"तुम्ही मोजत बसला होतात?"

"बसलो कशाला असेन? झोपलो होतो. तिथूनच ऐकू येतं."

वेंदुला काही म्हणायच्या आत सत्तरीचा तो माणूस शिडीवर होता. दुपारपर्यंत पन्हळ उतरली, कॉफीच्या जुन्या डब्याचा पत्रा तिला जोडला गेला आणि ती पुन्हा चढली. भिंत वाळली. वेंदुलाच्या त्या दिवशीच्या अर्जावर काळा अंगठा उमटला. तिने तो तसाच पाठवला.

शेबेककाका अडतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. बायको गेल्यावर शहरातलं घर सोडून इथेच राहायला आले. इथे त्यांची शेड होती. शेडमध्ये गवत कापायची अकरा यंत्रं होती, चार हातपंप, कपडे धुवायच्या यंत्रांचे ढोल, दोन शिलाई यंत्रं, लांब दांड्यांचे विळे, आणि ज्यांचं नाव काकांनाही ठाऊक नव्हतं अशा काही वस्तू. सगळं कोणी ना कोणी टाकून दिलेलं. आत शिरायचं तर आधी श्वास सोडावा लागे, मग पोट आत घ्यावं लागे, आणि बाहेर येताना उलट पावली यावं लागे, कारण वळायला जागा नव्हती.

मागच्या शरदात तिथली एक फळी कोसळली होती. काका ढोल आणि भिंत यांच्यामध्ये चार तास अडकून पडले. पोस्टमन बाईला आतून गाणं ऐकू आलं म्हणून सुटले. तेव्हापासून त्यांची मुलगी ब्लांका शेडचं नाव काढलं की खवळायची. मेमधल्या एका बुधवारी तिचा फोन आला. काकांचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून फोन वेंदुलाने धरला होता.

"बाबा, शुक्रवारी संध्याकाळी भंगार न्यायचा कंटेनर येतोय. रविवारी मी येते. शेड रिकामी करायची. सोमवारी सकाळी सहाला ते लोक उचलून नेतील."

"रिकामी म्हणजे किती?"

"भिंती दिसतील इतकी."

"भिंतीत काय बघायचंय? मीच बांधल्यात त्या."

"बाबा, पुढच्या वेळी पोस्टमन बाई सुट्टीवर असली तर?"

काकांनी मान खाली घातली. सत्तर वर्षांच्या माणसाचं सगळं जग चार भिंतींत होतं, आणि ते सोमवारी सकाळी सहाला जाणार होतं.

पलीकडून ब्लांकाचा उसासा ऐकू आला. "बरं," ती म्हणाली, "जे चालतं ते राहील. जे चालत नाही ते जाईल. पण माझ्या डोळ्यांदेखत चालवून दाखवायचं."

काकांची मान वर आली. "कबूल!"

मग तीन दिवस जे झालं त्याला वेंदुलाकडे आजही शब्द नाहीत. अकरा यंत्रं गवतावर मांडली गेली. एकाचं इंजिन दुसऱ्याला, दुसऱ्याचं चाक तिसऱ्याला. काकांचं अर्धं अंग यंत्राखाली आणि एक हात बाहेर.

"तेरा नंबरचा पाना दे!"

ती द्यायची.

"हा चौदा आहे. पण दिलास मात्र झोकात."

शुक्रवारी पहिलं यंत्र खोकलं. दुसऱ्याने निळा धूर सोडला आणि काकांच्या टोमॅटोच्या रोपांत शिरलं. तिसरं सुरू झालं ते थांबेना, काका त्याच्यामागे आणि वेंदुला काकांच्या मागे, अशी पेअरच्या झाडाभोवती तीन फेऱ्यांची वरात निघाली. शनिवारी सूर्य कलेपर्यंत सहा यंत्रं चालू झाली होती. वेंदुला उड्या मारत होती. एखादं तरी हिरवळीवर फिरवून बघू या, असं तिचं म्हणणं.

"छे! उद्याचं गवत आज संपवायचं नाही," काका म्हणाले. "ब्लांकाला दाखवायला काय उरेल?" आणि त्यांनी तिच्या कपाळावर शाबासकीचा अंगठा उमटवला.

बाहेर गल्लीत कंटेनर शुक्रवारपासून उभा होता. आला तेव्हा रिकामा, लोखंडी, खोलीएवढा. दोघांनीही त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

रविवारी दहाला ब्लांका आली. पांढरा ब्लाउज, बटाट्याच्या सॅलडचं पातेलं, आलुबुखारचा केक. तिने बापाच्या गालाचं चुंबन घेतलं, गालावर काळा अंगठा लावून घेतला आणि म्हणाली, "दाखवा."

काकांनी पहिल्या यंत्राची दोरी धरली. हात मागे गेला. आणि तिथेच राहिला.

"काय झालं?"

"आज रविवार आहे," काका म्हणाले.

कुंपणापलीकडे वसाहतीचे अध्यक्ष कुबात उभे होते. हातात कॉफी, चेहऱ्यावर बारा वर्षं वाट पाहिल्याचं समाधान. "शेबेक! नियम चौथा! रविवारी वसाहतीत इंजिनाचा आवाज नाही!"

"माहीत आहे. मीच मांडला होता."

आणि ते खरं होतं. बारा वर्षांपूर्वी कुबात दर रविवारी दुपारच्या जेवणाचं सूप वाढायच्या वेळेलाच गवत कापायला काढायचे. काकांनी घरोघर फिरून सह्या जमवल्या आणि नियम करून घेतला. आता तोच धोंडा त्यांच्या पायावर पडला होता.

"उद्या सकाळी सातला सगळी चालवून दाखवतो."

"कंटेनर सहाला जाणार, बाबा."

ब्लांकाने बाह्या सरसावल्या, दारातला हातपंप उचलला आणि गल्लीत गेली. पाचव्या सेकंदाला तिची किंकाळी आली.

"बाबा! यात जागाच नाहीये!"

कंटेनर काठोकाठ भरला होता. दोन दिवस गल्लीत उघडा कंटेनर ठेवायचा आणि तो रिकामा राहील अशी अपेक्षा करायची, ही चूक शहरात राहायला गेलेल्या माणसाकडूनच होते. सोफा होता. चूल होती. लाकडी स्की, संडासाचं भांडं, काच नसलेली खिडकी, पंख नसलेला पंखा. अख्ख्या वसाहतीने अंधाराचा फायदा घेतला होता. आरडाओरडा ऐकून लोक बाहेर आले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: छे छे, आम्ही नाही.

"हे कोणी टाकलं?" ब्लांका विचारत होती.

"हल्लीची माणसं फार बेशिस्त," सोफ्याचा मालक म्हणाला. त्याच सोफ्याच्या कापडाची टोपी त्याच्या बायकोच्या डोक्यावर होती.

"आणि बाबा कुठे गेले?"

बाबा कंटेनरमध्ये होते. कधी चढले कोणालाच कळलं नाही. नुसती टोपी दिसत होती.

"वेंदुला! धर! पंख्याची मोटर धर. जपून! अरे देवा, ही चूल टाकली? हिचं तर नुसतं दारच रुसलंय. धर!"

"बाबा, मी भरायला आलेय, तुम्ही रिकामा करताय!"

"मग जागा नको का करायला?"

वेंदुला हसू लागली आणि तिला ते थांबवता येईना. तिच्या दोन्ही हातांत सामान होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मग टोपी स्तब्ध झाली. खूप वेळ काही आलं नाही. शेवटी वर आलं ते एक हिरवं, गंजलेलं, लाकडी दांड्याचं यंत्र. दोन चाकं आणि मध्ये पिळदार पाती.

"इंजिन नाही," काका हळूच म्हणाले.

"काय?"

"ढकलायचं यंत्र आहे. याला इंजिनच नाही. कुबात! चौथ्या नियमात इंजिन म्हटलंय ना?"

कुबात लाल झाले होते, पण नियमामुळे नाही. "ते... माझ्या वडिलांचं आहे."

"काल रात्रीपर्यंत होतं."

दांड्याची एक खीळ पडलेली होती. काकांनी उजव्या खिशात हात घातला आणि एक सरळ खिळा काढला. तो चपखल बसला. मग कानस काढली. वीस मिनिटं सगळी गल्ली उभी राहून कानशीचा आवाज ऐकत होती. कोणी बिअर आणली. कोणी आपल्याच फेकलेल्या खिडकीवर बसलं. काकांनी तेल घातलं, खिशातून एक पावती काढून पात्यांमधून फिरवली, दोन तुकडे झाले.

"ब्लांका, ये."

"मी? या ब्लाउजमध्ये?"

"माझ्या डोळ्यांदेखत म्हणाली होतीस. आता हातांनीच चालवून बघ."

तिने दांडा धरला, वैतागून एक ढकल दिली. खर्रर्र! कापडातून कात्री जावी तसा आवाज आला आणि हिरव्या गवताचा फवारा तिच्या गुडघ्यांवर उडाला. ती थांबली. पुन्हा ढकललं. मग तिने बूट काढून फेकले आणि धावलीच. पेअरच्या झाडापर्यंत, वळून परत, अठ्ठेचाळीस वर्षांची औषधविक्रेती बाई, अनवाणी, केसांत गवत.

"बाबा! लहानपणी असंच होतं आपल्याकडे! तुम्ही मला पुढे दोरी बांधायचात, घोड्यासारखी!"

"तू खिंकाळायचीस."

ती खिंकाळली. सगळ्यांसमोर.

मग रांग लागली. सोफेवाला, त्याची बायको, वेंदुला दोनदा. कुबातना सगळ्यांत शेवटी मिळालं. ते एकच पट्टा चालले, अगदी सरळ, आणि टोकाला जाऊन दोनदा मागे वळून पाहिलं. "वडील असंच कापायचे," ते म्हणाले. "यंत्र परत देणार का?"

"दर रविवारी या आणि कापा," काका म्हणाले. "माझी हिरवळ आहेच."

ब्लांका धापा टाकत पायरीवर बसली. केकचा तुकडा तोंडात, ब्लाउजवर तीन काळे अंगठे.

"हे यंत्र शेडमधलं नव्हतंच, बाबा."

"आता होईल."

"वेंदुला, खरं सांग. बाकीची चालतात?"

"सहा चालतात," वेंदुला म्हणाली. "एक तर थांबतही नाही."

ब्लांकाने डोळे पुसले. हसून की रडून, ते वेंदुलाला कळलं नाही. "ठीक आहे. शेड राहू दे. पण दारापासून खिडकीपर्यंत एक वाट हवी. एक माणूस जाईल एवढी. पडलात तर कोणाला तरी तुमच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे मला."

तिचं वाक्य नीट जुळलं नव्हतं. कोणी हसलं नाही.

"कबूल," काका म्हणाले. या वेळी हळू आवाजात. त्याच संध्याकाळी त्यांनी खडूने शेडच्या जमिनीवर दोन समांतर रेघा ओढायला घेतल्या. जिथे सामान आड आलं तिथे सामानावरूनच ओढल्या, पंपावरून, ढोलावरून, थेट खिडकीपर्यंत.

सोमवारी सहाला कंटेनर गेला. त्यात शेडमधलं काहीच नव्हतं, आणि वसाहतीने टाकलेल्यांपैकी नऊ वस्तू कमी होत्या.

ऑक्टोबरात वेंदुलाला प्रागमध्ये नोकरी मिळाली. अंगठ्याच्या अर्जावरच. निरोप घ्यायला ती शेडकडे गेली. आता दारातून पोट आत न घेता शिरता येत होतं. एक पाऊल मोकळं, दुसरंही मोकळं. तिसरं अर्धंच पडलं. तिथे वर्तमानपत्रावर मांस दळायचं एक यंत्र उघडून ठेवलेलं होतं, स्क्रू ओळीने मांडलेले. त्याखालून खडूच्या दोन रेघा निघून पंपावर चढल्या होत्या, ढोलावर चढल्या होत्या.

"काका, पाच महिन्यांत अडीच पावलं?"

"हलवायला म्हणून उचललं," आतून कुठून तरी आवाज आला, "तर आत काहीतरी खुळखुळलं. मग न उघडता कसं ठेवणार? हे झालं की पुढे सरकतोच. तेरा नंबरचा दे बघू."