खेकड्यांवरचं औषध

आमच्या बोडीची पाळ खेकड्यांनी पोखरली नव्हती, मी फोडली. हे बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं ते मोबाईलमधल्या एआयला, तेही नाइलाजानं.

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाचं छोटं तळं, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. आम्हा दोघा भावांत एकच. मोठा भाऊ गावात राहून शेती करतो, मी ब्रह्मपुरीला मास्तर. गेल्या हंगामात धान निसवायला आला आणि पावसानं दडी मारली. पाण्याचा नंबर भावाचा होता, पण मला सुट्टी रविवारचीच. तो जेवायला घरी गेला तेवढ्यात मी माझ्या बाजूनं पाळीला फावड्यानं वाट केली. थोडंसंच घ्यायचं होतं. पाळ खचली आणि सगळं पाणी माझ्या धानाच्या बांधीतून नाल्याला गेलं. माझा धान तेवढ्या ओलीवर निभावला, त्याचा लोंब्या बाहेर पडायच्या आधी पोटातच वाळला.

"खेकड्यानं पोखरली असंन," भाऊ म्हणाला. "मीच बिळं बुजवली नाई." मी मान डोलावली.

आता तो म्हणतो, त्याची नजर चुकायला लागली, पुढच्या सालापासून त्याची जमीनही मीच करावी. म्हणून माफीचा मजकूर मागायला बसलो.

गंमत म्हणजे आमच्या शाळेत एआयचं प्रशिक्षण घेतलेला मीच. कोणासाठी हवं, काय घडलं, काय नको, सगळं लिहा, असं बाकीच्या मास्तरांना मीच बजावतो. स्वतः काय लिहिलं? "मोठ्या भावाची माफी मागायची आहे. चांगला मजकूर दे."

त्यानं दिला. 'आदरणीय बंधू'पासून सुरुवात, मध्ये नात्याचे रेशीमधागे. आमच्याकडे भावाला असं कोणी बोललं तर तो आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. छोटं कर म्हटलं, तर 'आपल्यातील गैरसमज' आला. अरे, गैरसमज कुठला! आमच्या बोलीत लिही म्हटलं, तर कोल्हापूरचा पैलवान बोलायला लागला. कोणत्या भागातली बोली, हे मी कुठं सांगितलं होतं? "पाण्यावरून झालं," एवढं पुढं सरकवलं, तर त्यानं 'पाण्यावरून झालेल्या वादाबद्दल' दिलगिरी लिहिली. वाद झाला असता तर बरं नव्हतं का! मी चिडून लिहिलं, "तुला काहीच समजत नाही."

त्यावर त्यानं शांतपणे विचारलं, नेमकं काय घडलं, आणि त्यातलं भावाला काय माहीत आहे?

मोबाईल उशीखाली सारला. बायको नेहमी म्हणते, "तुमच्या पोटातलं काढाले मानसानं किती खोदाव?" शेवटी लिहिलं. फावडं, पाळ, नाला, मान डोलावणं, सगळं. मग आलेल्या मजकुरात एक शब्द बदलावा लागला नाही. पाठवला मात्र नाही. भावाचे मेसेज त्याची सून वाचून दाखवते.

रविवारी गावी गेलो. भाऊ पाळीवर माती टाकत होता, घामानं निथळत.

"काऊन आलास? शाळेनं हाकललं का?"

"सहज आलो, भाऊ."

"सहज म्हने! वहिनीच्या हातची भाजी आठवली असंन." मग फावडं टेकवून म्हणाला, "मास्तर, तुह्या मोबाईलले इचार बरं, खेकड्यावर काय औषध हाये? तुह्या हाती जमीन द्याची तं पाळ तरी चांगली करून देतो."

तोंड उघडलं होतं मी. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. आणि मी मोबाईल काढला. माती कोणती, पाळ किती जुनी, बोडीत मासे आहेत म्हणून विष चालणार नाही, खाली धान आहे, भाऊ एकटाच राबतो, सगळं नीट लिहिलं. इतका चांगला प्रश्न मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. उत्तरही नेमकं आलं. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"हुशार हाये गा हा," भाऊ म्हणाला आणि नसलेली बिळं शोधायला वाकला.

जेवून परतलो. जमीन सोडण्याचं त्यानं अजून पक्कं धरलं आहे, का तर त्याची नजर चुकली म्हणून. त्याची नजर चुकली नव्हती, हे त्याच्या तोंडावर सांगणं मी त्याला देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.