अर्धे उठलेले खासदार

बोलायचं असलं की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ जराशी वाकलेली, नजर समोरच्या माणसाच्या तोंडावर. तसे क्षणभर थांबायचे, आणि कोणी ‘बोला’ म्हटलं नाही तर पुन्हा खाली बसायचे. जरा वेळानं परत उठायचे. राग नाही, वैताग नाही. आमच्या कोल्हापुरात माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी बोलायला लागतो. त्यामुळे हा प्रकार आम्हाला नवाच होता.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गच्चीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी झाले, म्हणजे बाकीच्यांनी मला केलं, कारण भांडायला कोणीतरी लागतं. विषय पाण्याच्या टाकीचा होता आणि सगळे एकदम बोलत होते. दुसऱ्या मजल्यावर नव्यानं भाड्यानं आलेले हे गृहस्थ मात्र नुसते उठत होते आणि बसत होते. पहिल्या मजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, की बिचाऱ्यांना मूळव्याध दिसते, बसवत नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मधे भोक असलेली एक उशी त्यांच्या घरी पोचवली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले आणि वेताच्या खुर्चीवर ठेवून रोज वापरली. तुम्हाला काही त्रास नाही असं डॉक्टरांना सांगून का टाकलं नाही, म्हणून मी नंतर एकदा विचारलं. म्हणाले, “त्यांचा अंदाज चुकला, पण उशी चांगली हाय.”

आता हे गृहस्थ कोण ते सांगते. ते खासदार होते. आपल्याकडचे नव्हेत, इंग्लंडचे. कागलच्या पलीकडल्या एका खेड्यात जन्म. थोरल्या भावानं शाळा सोडून औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं, तो शिकत शिकत विलायतेला गेला. तिकडे उत्तरेतल्या कुठल्याशा गिरण्यांच्या गावात नोकरी, मग कामगारांची युनियन, मग नगरपालिका आणि शेवटी पार्लमेंट. मंत्री कधी झाले नाहीत. सगळी वर्षं मागच्या बाकावर काढली. तिथं बोलायचं असेल तर जागेवरून उठून उभं राहायचं असतं, सभापतींची नजर आपल्यावर पडावी म्हणून. नजर पडली आणि नाव पुकारलं तरच बोलायचं. नाही पुकारलं तर बसायचं आणि पुढच्या माणसाचं संपलं की परत उठायचं.

“आख्खी दुपार उठबस करून तोंड न उघडता घरी गेलोय,” ते सांगायचे. “गुडघं तिथंच गेलं माझं.”

गंमत त्यांच्या मराठीची होती. तरुणपणी गाव सोडताना जी भाषा बरोबर नेली, तीच तशीच्या तशी परत आणली होती. आमचीही पोरंटोरं बोलत नाहीत असली रांगडी बोली, आणि रीत मात्र पार्लमेंटची. हे कळल्यावर मी मीटिंगमध्ये टेबलावर किल्ली आपटून सगळ्यांना गप्प करायची आणि म्हणायची, बोला खासदार साहेब. ते पूर्ण उभे राहायचे, मोजून तीन वाक्यं बोलायचे, “माझं म्हणणं एवढंच हाय” म्हणायचे आणि बसायचे. टाकीचं भांडण त्यांच्या तीन वाक्यांत मिटलं. माझा घसा वाचला म्हणून मी त्यांच्यावर खूश झाले.

दर शनिवारी सकाळी ते पार्किंगमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसायचे. तिकडच्या मतदारसंघात त्यांची तशी पद्धत होती, कोणीही यावं आणि आपली अडचण सांगावी. खासदार बसलाय म्हटल्यावर सुरुवातीला आमच्याकडे रांग लागली. एकाला जावयाची बदली करून हवी होती, एकाला मुलीसाठी तिकडचं स्थळ हवं होतं. ते प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायचे आणि आपण आता कुणीच नाही हे सांगायचे. मग माणसं यायची थांबली. ते मात्र बसत राहिले. मी भाजी घेऊन यायची तेव्हा समोरची खुर्ची रिकामी आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ. मला ते बघवायचं नाही. मी पिशवी खाली ठेवून त्या खुर्चीत बसायची आणि लिफ्ट कशी आवाज करते याची तक्रार करायची.

तशाच एका शनिवारी मी विचारलं, की तिकडे घर होतं, मुलगा होता, मग या वयात इथं एकटे कशाला आलात? बायको वारली होती आणि शेवटची निवडणूक हरले होते, एवढं मला ठाऊक होतं. निकालाच्या वेळी तिकडे सगळ्या उमेदवारांना एका रांगेत उभं राहावं लागतं. हे हरले तेव्हा शेजारी कोंबड्याचा पोशाख घातलेला एक हौशी अपक्ष उभा होता, आणि पाठीवर हात ठेवला तो त्या कोंबड्यानं, हे ते हसत हसत सांगायचे. त्या दिवशी ते हसले नाहीत. म्हणाले, “थोरल्यानं एकदा माझ्याशी बोलावं म्हणून आलोय.”

वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा तिकडे सभागृहात मतदान होतं. सरकार काठावर होतं आणि पक्षाच्या प्रतोदानं कोणालाही जाऊ दिलं नाही. विधेयक मासेमारीच्या परवान्यांचं होतं. यांनी मत दिलं, आणि विरोधकांतले निम्मे आलेच नाहीत, म्हणजे यांच्या मताची गरजही पडली नाही. इकडे आण्णांनी, म्हणजे त्या थोरल्या भावानं, एकट्यानं अग्नी दिला. अधिवेशन संपल्यावर, महिन्याभरानं हे गावी पोचले तेव्हा आण्णा उसात होते, आणि घरी आल्यावरही त्यांनी यांच्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे आपल्या रस्त्यांवर चालवायची छाती नव्हती. म्हणून रविवारी मी त्यांना माझ्या जुन्या गाडीतून गावी न्यायला लागले. एक विधवा बाई एका विधुराला घेऊन हायवेनं दर रविवारी कुठं जाते, याची सोसायटीत चर्चा झाली. होऊ दिली. माझ्यावर चर्चा करण्यासारखं बऱ्याच वर्षांत काही घडलं नव्हतं.

आण्णांचं घर रस्त्याला लागूनच. पुढं ओसरीसारखा सोपा, बाजूला म्हशींचा गोठा. आण्णा सोप्यात बाजेवर बसलेले असायचे. हे समोरच्या लाकडी खुर्चीवर बसायचे आणि बरोबर आणलेला खारीचा पुडा मधल्या स्टुलावर ठेवायचे. मी आत आण्णांच्या सूनबाईंजवळ स्वयंपाकघरात जायची. दोन भावांच्या मधे आपण कशाला? सूनबाई भारी मायाळू. त्या मला हळूच सांगायच्या, “मामंजी रविवारी सकाळधरनं दाढी करून बसत्यात बघा. खारी मंगळवारपातूर सपतीया. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत.”

बाहेरून मात्र शब्द ऐकू यायचा नाही. चहा जायचा, कप परत यायचे. तासाभरानं खासदार दारात येऊन मला म्हणायचे, निघूया. गाडीत बसताना आण्णांचा नातू धारोष्ण दुधाची बाटली मागच्या सीटवर ठेवून जायचा. कोणी पाठवलं हे विचारायचं नाही, एवढं आम्हाला कळत होतं.

परतीच्या वाटेवर मी चिडायची. म्हणायची, अहो, तुम्हीच का बोलत नाही? चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा. हा कागल तालुका आहे, पार्लमेंट नव्हे.

“माझं चुकलंय म्हणूनच मी आधी बोलायचं न्हाय,” ते म्हणायचे. “त्या घरात आण्णा सभापती. त्यांनी बोल म्हणाय पायजे. मी उठून विचारतो दर खेपेला. त्यांची नजर पडती माझ्यावर, पण ते तोंड फिरवत्यात.”

मग ते खिडकीबाहेर बघत बसायचे. एवढा जगात हिंडलेला माणूस गाडीच्या पट्ट्याशी चाळा करत शाळकरी पोरासारखा बसलेला असायचा, आणि मला रडू यायचं. मी गाडी जोरात चालवायची.

एकदा मला राहवलं नाही. निघताना ते गाडीकडे गेलेले पाहून मी सोप्यात आण्णांसमोर उभी राहिले. म्हटलं, आण्णा, लांबून येतात हो ते. दोन शब्द बोला की. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्येलाच घाई असतीया, बाई.”

मला तो टोमणा वाटला. वडिलांच्या वेळी न आलेल्या माणसाला मारलेला. नाहीतर शनिवारभर रिकाम्या खुर्चीसमोर बसणाऱ्या या माणसाला कसली घाई? मी ते बोलणं त्यांच्या कानावर घातलं नाही.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग एका शनिवारी वॉचमन माझ्या दाराशी आला. म्हणाला, “काकू, खासदार साहेब पार्किंगमधी बसल्या बसल्या झोपल्यात. हाक मारली तर उठंनात.” मी चपला न घालता जिना उतरले. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. समोरची खुर्ची रिकामीच होती.

मी सूनबाईंना फोन केला. संध्याकाळच्या आत आण्णा आले, टेम्पोतून, भावकीतली चार माणसं घेऊन. मुलगा विलायतेहून पोचायला वेळ होता. आण्णा म्हणाले, थांबायचं न्हाय, आणि त्यांनी स्वतः अग्नी दिला. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्यांचा राग आला. इतका, की मी स्मशानातून त्यांना नमस्कार न करता परत आले.

मुलगा आला, अस्थी घेऊन गेला, फ्लॅटची किल्ली माझ्याकडे देऊन परतही गेला. जाताना त्यानं निरोप ठेवला, की काकांना आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर नेऊ द्या. त्याप्रमाणे एका सकाळी आण्णा सूनबाईंबरोबर आले. मी दार उघडून दिलं. आण्णांनी पुस्तकांकडे पाहिलं नाही, कोटाकडे पाहिलं नाही. वेताच्या खुर्चीसमोर पलंग होता, त्याच्या कडेवर बसले. बराच वेळ खुर्चीकडे बघून त्यांनी विचारलं, “ह्या उशीला भोक कशापायी?”

मला नको होतं तरी हसू आलं. मी त्यांना डॉक्टरांची गोष्ट सांगितली. हे मीटिंगमध्ये कसे अर्धे उठायचे, डॉक्टरांना कशी मूळव्याधीची शंका आली, सगळं. सूनबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. आण्णा हसले नाहीत. म्हणाले, “मग त्यो उठायचा कशापायी?”

मी सांगितलं. तिकडच्या सभागृहाची रीत सांगितली. बोलायचं असलं की जागेवरून उठायचं, सभापतींनी बोल म्हटलं की बोलायचं, त्यांनी म्हटलं नाही तर परत बसायचं. हेही सांगितलं, की तुमच्या सोप्यातही ते त्यासाठीच उठायचे.

आण्णा माझ्याकडे न बघता बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज, जो शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जायचा, तो इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं.

“मला वाटायचं, त्यो निघाला. दर खेपेला. मी म्हणायचो, आता बोलू, आता बोलू, आन् माझ्या तोंडात शब्द यायला आन् ह्यो खुर्चीतनं उठायला एकच गाठ. म्हटलं, हेला हितं बसवत न्हाई. घाई हाय, जाऊ दे. जाणाऱ्याला काय आडवायचं?” मग म्हणाले, “मी तिकडं तोंड करायचो, जाताना दिसू नये म्हणून.”

सूनबाई रडायला लागल्या. ‘घाई’ हा शब्द मला इतक्या दिवसांनी आता कळला होता.

आण्णा उठले. खुर्चीजवळ जाऊन त्यांनी ती उशी उचलली, दोन चापट्या मारून झटकली आणि होती तिथंच परत ठेवली. मग पुन्हा पलंगावर येऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “बोल की, धाकल्या.”

सूनबाईंनी त्यांना दोनदा हाक मारली, परतीची गाडी चुकेल म्हणून. ते हलले नाहीत. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, नजर खुर्चीवर. कोणी तरी आत्ता अर्धं उठेल, म्हणून थांबल्यासारखे ते बसून राहिले.