‘आवं’ म्हटल्याशिवाय न जेवणारा बोका

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, उतारा... असलं काही कधी मानलं नाही, आणि मानत बसायला वेळही नव्हता. सकाळी डबे, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा गॅससमोर. त्यात हा बोका.

आम्ही कोरेगावला राहतो. माझे सासरे, म्हणजे मामंजी, गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले त्या दुपारी एक पिवळा बोका घरात शिरला आणि थेट त्यांच्या आरामखुर्चीत जाऊन बसला. कुणाचा, कुठला, पत्ता नाही. हाकलायला गेले तर त्याने शांतपणे डोळे मिटून घेतले.

मामंजींनी उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता. बोक्याचंही तेच. उठल्या उठल्या चहा पाहिजे — दूध नाही, चहा, तोही बशीत ओतून. भाकरीचा नुसता पापुद्रा, तोही कालवणात बुडवलेला. दार उघड म्हणून ओरडणार, आणि उघडलं की उंबऱ्यावर विचार करत बसणार. मी काही दिलं तर तोंड फिरवायचा. सासूबाईंनी — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — “आवं, घ्या की” म्हटलं की मगच तोंड लावायचा. मुलांनी मन्या, टायगर, सगळी नावं लावून पाहिली. पठ्ठ्याने कानसुद्धा हलवला नाही.

“बाबाच आलेत,” म्हणून माझे मिस्टर हसले. आत्या हसल्या नाहीत.

त्या जेवायला बसल्या की हा हजर. घास ताटात टाकून बाई उठायच्या. “आत्या, मरू दे त्याला, जेवा तुम्ही,” असं मी वैतागून म्हणायचे. “आसं म्हनू ने गं,” एवढंच त्यांचं उत्तर. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एक माणूस जन्मभर सांभाळलं, आता हे.

मग आत्यांच्या डोळ्यांचं निघालं. सांगलीला माझी नणंद असते, तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं — डोळ्यातलं प्रेशर फार वाढलंय, ऑपरेशन लांबवलं तर उरलेली नजरही जाईल. आत्या ताटात कोशिंबीर म्हणून चटणी चाचपत होत्या, तरी दोनदा जाणं मोडलं. “ह्यांचं च्या-पानी कोन बघनार?” मी बोलून बोलून थकले.

शेवटी कशाबशा तयार झाल्या. सकाळी गाडी दारात उभी, पिशव्या भरलेल्या, आणि बोका उंबऱ्यावर आडवा. आत्या म्हणाल्या, “आवं, सरका की.” ढिम्म. मी उचलायला गेले तर फिस्कारून पंजा काढला. आत्यांनी पिशवी खाली ठेवली. “ऱ्हाऊ दे मग. न्हाई जायाचं.”

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. भांडायचंही त्राण नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, ते पुसलंही नाही. आत्यांना ते दिसलं की नाही, कोण जाणे. पण त्या वळल्या आणि बोक्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

“शिरपती,” त्या म्हणाल्या. “ऊठ. मला दिसंना झालंय. वाट सोड.”

लग्नातला उखाणा सोडला तर या बाईने नवऱ्याचं नाव कधी तोंडात घेतलं नव्हतं. आणि अरे-तुरे? मिस्टर गाडीची चावी हातात धरून तसेच उभे.

बोका उठला. आत्यांकडे बघितलं, हळूच बाजूला झाला, आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेला. पळाला नाही, चालत गेला. परत कधी दिसला नाही.

ऑपरेशन नीट झालं. शेजारचे म्हणतात, बोके असेच जातात सोडून. जात असतील. आवाज चढला म्हणून उठला म्हणावं, तर आत्यांचा आवाज चढलाच नव्हता. मुलांना वर्गात प्रत्येक गोष्टीचं कारण सांगते, याचं मला आजही सांगता येत नाही.

एकदा न राहवून आत्यांनाच विचारलं — तो खरंच मामंजी होता का? त्या शेंगा निवडत होत्या.

“कोन व्हतं, मला काय म्हाईत,” त्या म्हणाल्या. “पर ऊठ म्हनलं की उठत्यात, ह्ये लय उशिरा कळलं बघ.”