तान्ह्या बहिणीचं पाप

कब्रस्तानाच्या फाटकातच फादरनी आम्हाला अडवलं. माझ्या वडलांच्या, अण्णांच्या, हातांवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली माझी बहीण होती. दोन दिवसांची. सकाळीच गेलेली.

"बाप्तिस्मा झाला होता?" फादरनी कानडीत विचारलं. कानडी मुलखात राहायचो आम्ही.

"नाही, फादर. रविवारी आणणार होतो."

"मग आत पुरता येणार नाही. ही पवित्र जमीन आहे."

अण्णांना कळेचना. "लेकरू आहे, फादर. तिनं काय केलंय?"

"तिनं काही केलं नाही. पण आदामाचं पाप घेऊनच माणूस जन्मतो. ते धुवावं लागतं. बाळ जाणार असं दिसलं, तर घरातलं कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. तुमच्या घरात पाणी नव्हतं?"

पाणी होतं. असं करता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आत कुणाच्या तरी कबरीवर फुलं वाहायला बंगल्यांत राहणारी माणसं आली होती. चर्चमध्ये पहिल्या बाकांवर बसणारी. ती थांबून बघत होती. त्यांच्यासमोर अण्णांनी मान खाली घातली. "चूक झाली, फादर." कारखान्यात लेथ चालवणारा, रस्त्यानं ताठ चालणारा माझा बाप.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षांची होते. लाज फादरची वाटायला हवी होती. मला अण्णांची वाटली. त्या फडक्यातल्या जिवाचीही वाटली. हिच्यात खरंच काहीतरी घाण असणार, असं वाटलं.

भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला, अण्णांनी खड्डा खणला. क्रूस लावायला परवानगी नव्हती.

घरी आई अजून बाळंतिणीच्या खाटेवर होती. "कुठं ठेवलंत तिला?" तिनं विचारलं. अण्णा कुदळ धुवायला मागच्या दारी गेले. मग मीच सगळं सांगितलं. पाण्याचंसुद्धा.

"तांब्या उशाशीच होता की गं," आई म्हणाली. बस, एवढंच. त्यानंतर ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठायचे; पाप असलेल्यानं तो घ्यायचा नसतो. ती उठायची नाही.

मी चर्चच्याच शाळेत होते. पावसाळ्यानंतर एकदा धर्माच्या तासाला सिस्टरनी मला उभं केलं. "तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का देतात?"

उत्तर मला पाठ होतं. मी बाकाची कड धरून उभी राहिले.

"तुझ्या घरी तर घडलंय. तुझी बहीण कुठं पुरली आणि का, ते वर्गाला सांग."

सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. का कोण जाणे, मला आजोबा आठवले. बेळगावकडच्या खेड्यात त्यांना विहिरीवर चढू देत नव्हते. त्यांनी काही केलं नव्हतं. जन्मले, तेवढाच गुन्हा. देवापुढं सगळी सारखी, असं मिशनवाले म्हणाले म्हणून ते ख्रिस्ती झाले. अण्णा हे अभिमानानं सांगायचे.

तिथंही जन्मच नडला. इथंही जन्मच.

"सिस्टर, तिच्यात पाप नव्हतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी तिला मांडीवर घेतलं होतं."

मागं कुणीतरी हसलं. सिस्टरनी मला मैदानातल्या खडीवर गुडघ्यांवर बसवलं. "'मी पापी आहे' म्हण, मग ऊठ."

मी म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत मुली डबे घेऊन माझ्याभोवतीनं गेल्या. गुडघ्यांतून रक्त आलं. लाजेनं मान वर होत नव्हती. तरी म्हटलं नाही. शाळा सुटल्यावर सिस्टरच कंटाळून निघून गेल्या.

घरी आई माझ्या गुडघ्यांतली खडी काढत म्हणाली, "म्हणून टाकायचं की गं. आपण काय कमी सोसलंय?"

"आई, तिच्यात पाप नव्हतं. तुझ्यात पण नाही."

आईनं घाबरून माझ्या तोंडावर हात दाबला. "गप. कुणी ऐकेल."

मी तो हात बाजूला केला. आईचा हात मी पहिल्यांदाच असा बाजूला केला.

आई शेवटपर्यंत स्वतःला दोषी मानत राहिली. ते मला पुसता आलं नाही. आजही चारचौघांत कुणी जन्माचं, जातीचं विचारलं, की माझे कान तापतात. तापू देत. पण कुठलंही लेकरू मळलेलं जन्मतं, असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. मग तो पुरोहित असो की पाद्री. मी ऐकून घेणार नाही. आणि मान खाली घालून तर नाहीच नाही.