गंध लावलेल्या पट्ट्या
सहाणेवर चंदन उगाळू लागलो की ती खंडेनवमी डोळ्यांपुढे उभी राहते. कलबुर्गीला संशोधन करणारी माझी लेक सणासाठी भालकीला आली होती आणि तिच्या पेटीत वीजवाहक काचेच्या पाच पट्ट्या होत्या. कित्येक महिने खपून तिने त्यांच्यावर खनिजाचा, अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ थर वाढवला होता; दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादेत त्यांतून वीज सोडून त्यांची परीक्षा व्हायची होती. सकाळी पोथ्या आणि उसाचा कोयता पाटावर मांडताना मी त्या पट्ट्याही मांडल्या आणि भक्तिभावाने प्रत्येकीला गंध लावले. “अप्पा, हे काय करून बसलाव? गंध छिद्रांत मुरलंय, पुसायला गेलं की थरच निघायलाय!” ती कळवळून म्हणाली. “आयुधं पुजायची न्हाईत व्हय?” “पुजा की, पण मला इचारून तरी!” माझा ताठा दुखावला. “देवाच्या गंधानं नासतंय, ते कसलं शास्त्र?” मी म्हणालो. तिने पट्ट्या उचलून पेटीत ठेवल्या. परीक्षेची पाळी हुकली आणि ते काम पुढे दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेले. अजूनही ती दर नवमीला येते, माझ्या पाया पडते. पूजेत मांडावे असे काही मात्र सोबत आणीत नाही.