कावळा शिवला, तरी माझी भीती जाईना

मित्रांनो, आज सकाळी माकणीला धरणाच्या काठावर माझ्या चुलत्यांचा, आप्पांचा दहावा होता.

पिंडाला कावळा शिवेना. मग आप्पांची काय इच्छा राहिली, ते जो तो सांगायला लागला. आत्यानं शेव ठेवली. "पंगतीत सगळ्यांच्या आधी शेव संपवायचा माझा भाऊ!" त्यांचे दोस्त रशीदचाचा म्हणाले, "पत्त्यात लई फसवलं म्या तुला आप्पा, माफ कर." रडता रडता सगळे हसले. धरणात पाणी लई भारी होतं, बगळे पण... जाऊ द्या.

आप्पांची खरी इच्छा मला ठाऊक होती. मला आप्पांनीच वाढवलं. शेवटच्या फोनवर म्हणाले होते, "आता भटकणं बास कर, काकीजवळ राहा." मी "येतो" म्हणलो आणि गोव्याला गेलो. आता सगळ्यांसमोर शब्द द्यायचा, आणि पाळता नाही आला तर?

तेवढ्यात कावळा शिवला. मी काहीच बोललो नव्हतो.

काकी म्हणाली, "शांत झाला जीव त्यांचा." मला मात्र जास्तच भ्या वाटायलंय. आप्पांनी मला माफ केलं, का माझी आशाच सोडली? तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा.